आईनं सत्कार नाकारला आणि झोप मागितली

पत्राचा गोषवारा: सांगलीतल्या एका वाचकाचं हे पत्र. वय ४१, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी. पत्नी मिरजेत स्टाफ नर्स, पाळ्यांची ड्यूटी. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. वडील सहा वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले, तेव्हापासून आई (वय ६७) आणि हे कुटुंब वडिलांनी बांधलेल्या घरात राहतं. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनाच्या भक्तीत (चर्चमधल्या उपासनेत), मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळानं आईचा ‘आदर्श माता’ म्हणून सत्कार ठरवला आहे. शाल, मानपत्र आणि मुलाचं पाच मिनिटांचं मनोगत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मला पुढं बसवू नका. त्या दिवशी मला नुसतं झोपू द्या.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘जमलं तर मे महिना वाईला बहिणीकडं काढते.’ वाचक लिहितात, ‘आई मुळातच नम्र आहे. सगळं आनंदानं करते. आम्ही तिला काही कमी केलेलं नाही. पण सुट्टीत मुलांना टाकून ती जाणार कशी? कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव छापून झालंय. तिची समजूत कशी काढू?’

प्रिय भाऊ, सप्रेम सलाम.

आईवरच्या मायेनंच तुम्ही हे पत्र लिहिलंत, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच मोकळेपणानं लिहिते. आईची समजूत काढायचं तूर्त बाजूला ठेवा. तिनं जे मागितलं ते तिला समजूनच मागितलं आहे.

पत्रात तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात. ‘रात्री आठला कौटुंबिक प्रार्थना असते. आई ओट्यापाशी भाकरी थापत असते, पण तिथूनच आमेन म्हणते.’ तुम्ही कौतुकानं लिहिलंत, मी मात्र त्या ओळीपाशी अडले. चौघं बाहेर चटईवर, पवित्र शास्त्र उघडलेलं. आणि जिनं तुम्हाला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना शिकवली ती भिंतीपलीकडं. तवा तापलाय, हात पिठात आहेत, गीताचं दुसरं कडवं ऐकायचं तर भाकरी करपते. तिच्या आवडीचं वचन कुठलं, हे तुमच्या मुलाला माहीत आहे का, विचारून बघा.

तुम्हीच लिहिलेला तिचा दिवस एकत्र मांडते. पाचला उठणं. सहाला नळाला पाणी, टाकी आणि पिंप भरणं. चार डबे, २२ चपात्या. साडेनऊनंतर भांडी, कपडे, धान्य निवडणं. दुपारी तास-दीड तास पडणं. चारला मुलं, मग चहा, अभ्यास, बाजार. रात्री भाकरी. सुनेची रात्रपाळी असली की ती परत येईपर्यंत नातवंडांकडं लक्ष. अंथरुणाला पाठ टेकायला दहा वाजतात. दुपारची विश्रांती वजा केली तरी साडेपंधरा-सोळा तास होतात, आणि त्यात रविवारची सुट्टी नाही. ‘संध्याकाळी पाय सुजतात’ हे तुम्ही कंसात लिहिलंय. त्याच्याकडं नंतर येते.

तुम्ही ज्या आज्ञेच्या आधारावर हा सत्कार करू पाहताय, ती पाचवी आज्ञा, निर्गम २०:१२. आपला बाप आणि आपली आई यांचा मान राख. ‘मान’ म्हटलं की आपल्याला शाल आणि टाळ्या आठवतात. मूळ इब्री (हिब्रू) शब्द आहे ‘कब्बेद’, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे जड असणं, वजन असणं. आपल्या बोलीत हे नेमकं सांगता येतं: अमक्याच्या शब्दाला घरात वजन आहे. आईला वजन द्या, असं ती आज्ञा सांगते. तुमच्या घरी आईनं दोन वाक्यं उच्चारली. एकाला तुम्ही नम्रता म्हणालात, दुसऱ्याला अडचण. दोन्ही वाक्यांना वजन मिळालं नाही.

आणखी एक वचन काढून बघा, लेवीय १९:३. तिथं आईचं नाव बापाच्या आधी येतं. प्रत्येकानं आपल्या आईचा आणि बापाचा धाक बाळगावा, आणि लगेच, त्याच वचनात, माझे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचे दिवस, पाळावेत. आईचा मान आणि विसावा एका श्वासात सांगितले आहेत. चौथ्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना विसाव्याचा दिवस दिलाय. बैलालासुद्धा मिळतो तो दिवस तुमच्या आईनं मागितला, तर ती शास्त्राला धरूनच बोलते आहे.

मातृदिनाच्या भक्तीत बहुतेक ठिकाणी नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचला जातो, त्याबद्दलही बोलायला हवं. ‘रात्र आहे तोच ती उठते’ एवढं पंधरावं वचन लक्षात ठेवून पिढ्यान्‌पिढ्या सुनांना ऐकवलं गेलं. त्याच वचनात पुढं तिच्या दासी आहेत, म्हणजे तिला हाताखाली माणसं होती, हे कोणी ऐकवत नाही. सोळाव्या वचनात ती शेत बघून, विचार करून विकत घेते. पैसा आणि निर्णय तिच्या हातात आहेत. हा अध्याय सुरूच होतो तो एका आईनं आपल्या राजा असलेल्या मुलाला शिकवलेल्या बोलांनी. आणि शेवटचं, एकतिसावं वचन मागणी करतं: तिच्या हातांच्या कष्टाचं फळ तिला द्या. मनोगतात बहुतेक अठ्ठाविसावं वचन येतं, मुलं उठून तिला धन्य म्हणतात ते. एकतिसावं सोडून दिलेलं मनोगत अर्धवट राहतं.

वधस्तंभावर प्रभू येशूनं आईसाठी काय केलं, तेही बघा. श्वास घेणं कठीण झालेलं असताना त्यानं तिची सोय लावली. ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’, आणि शिष्याला, ‘पाहा, ही तुझी आई’. योहान १९:२७ सांगतं की त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. तिनं कुठं राहायचं आणि कोणी बघायचं, हे ठरलं. स्तुतीचं एक वाक्यही तिथं नाही.

आता करायचं काय ते सांगते. क्रम बदलला तरी चालेल, पण पहिली गोष्ट पहिलीच असू द्या: आईशी बोला. ‘आई, तुला काय हवंय?’ असं विचारलंत तर ‘मला काय हवंय, काही नको’ हेच उत्तर येईल. चाळीस वर्षं कोणी न विचारलेल्या प्रश्नाला एकदम उत्तर येत नाही. सून आणि नातवंडं नसताना, ती बसलेली असताना, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विचारा. प्रश्न असा ठेवा की त्याला ‘काही नको’ हे उत्तर बसणार नाही. ‘सकाळचं पाणी आणि रात्रीच्या भाकरी, यातलं कुठलं आधी काढून घेऊ?’ ‘वाईला मेच्या पहिल्या आठवड्यात जातेस की दुसऱ्या?’ मग गप्प बसा. ती तीन मिनिटं काही बोलली नाही तरी तुम्ही बोलू नका. बहुतेक मुलं नेमकी इथं घाई करतात आणि आईच्या वतीनं स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात.

महिला मंडळाला आज-उद्याच कळवा. पत्रिका छापली आहे याचं फार ओझं घेऊ नका, ती भक्तीच्या वेळी वाचून झाली की संपते. एवढं लिहा: ‘आईनं आपल्या प्रेमाबद्दल आभार मानले आहेत, पण सत्कार घ्यायची तिची इच्छा नाही. मी तिला न विचारता होकार दिला, ही माझी चूक. त्याऐवजी सर्व आयांसाठी प्रार्थना घ्यावी. त्या दिवशीच्या प्रीतिभोजनाचा स्वयंपाक आम्ही पुरुष करू.’ चूक स्वतःच्या नावावर घेतलीत की ‘म्हातारी हट्टी आहे’ ही कुजबुज उठत नाही.

महिला मंडळाच्या भगिनींनाही इथंच एक विनंती. ‘सर्व आयांनी उभं राहावं’ असं म्हटलं की मूल न झालेली, मूल गमावलेली, मुलं परदेशी जाऊन बोलेनाशी झालेली बाई बाकावर बसून राहते आणि सगळी मंडळी तिच्याकडं बघते. पवित्र शास्त्रातली हन्ना मंदिरात रडत होती तेव्हा तिच्याकडं मूल नव्हतं. तिथल्याच नामीचे दोन्ही मुलगे वारले होते. गुलाब द्यायचाच असेल तर प्रत्येक स्त्रीला द्या. ‘आदर्श’ निवडताना बाकीच्या शंभर जणी आपोआप कमी ठरतात, म्हणून मला तो किताबच नको वाटतो. हा दिवस सुरू झाला तेव्हा त्यात असा किताब नव्हता. १० मे १९०८ रोजी अमेरिकेत ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ॲना जार्विस या बाईंनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पहिली भक्ती घडवून आणली आणि तिथं ५०० पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. १९१४ साली तो दिवस तिथं राष्ट्रीय झाला. नावातली ‘आई’ एकवचनी असावी, म्हणजे प्रत्येकानं आपापल्या आईला मान द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढं छापील शुभेच्छापत्रं आणि फुलांचा बाजार वाढला तेव्हा त्याच बाई त्याविरुद्ध आयुष्यभर भांडल्या.

पुरुषांच्या स्वयंपाकाचा हिशेब देऊन ठेवते, कारण इथं उत्साहावर काम चालत नाही. १०० माणसांना साधं आमटी-भात, भाजी आणि कोशिंबीर करायची तर तांदूळ ९ ते १० किलो, तूरडाळ ३ ते साडेतीन किलो धरा. भाजी चिरायला शनिवारी संध्याकाळी सहा जण बसले तर उरकतं. एवढ्या माणसांचा भात एकाच पातेल्यात केला तर खाली लागतो आणि वर कच्चा राहतो, दोन पातेली करा. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो जेवणानंतर. पुरुष स्वयंपाक करतात, फोटो निघतात आणि खरकटी पातेली बायकांच्या वाट्याला येतात. भांडी घासणाऱ्या चौघांची नावं आधी ठरवा, त्यात तुमचं पहिलं असू द्या.

घरातल्या कामाचं जास्त सविस्तर सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथं आहे. ‘आईला मदत करतो’ हा शब्द घरातून काढून टाका. मदत म्हटलं की काम तिचं राहतं, आपण फक्त हात लावतो. एक काम पूर्ण घ्या, त्याच्या विचारासकट. उद्या डब्याला काय करायचं, मेथी संपली का, गॅस कधी लावला होता, हे डोक्यात वागवणं हेसुद्धा काम आहे आणि ते कोणाला दिसत नाही. आठ दिवस एका वहीत लिहून काढा: वेळ, काम, कोणी केलं, कोणाला आठवलं. चौथा रकाना वाचून तुम्ही गप्प व्हाल.

पहिलं काम घ्या सकाळच्या पाण्याचं. वेळ ठरलेली आहे, शिकायला काही नाही, आणि त्यामुळं तिचं पाचचं उठणं बंद होऊ शकतं. दुसरं, आठवड्यातले तीन दिवस डबे. २२ चपात्यांना साधारण पाऊण किलो पीठ लागतं, नवशिक्यानं एकदम तिथं उडी घेऊ नये. शनिवारी सहा चपात्यांपासून सुरू करा. कणीक सैल मळा, झाकून वीस मिनिटं ठेवा, तवा नीट तापल्याशिवाय चपाती टाकू नका. घट्ट कणीक आणि कोमट तवा, या दोन गोष्टींनी चपातीचा पापड होतो. नाहीच जमलं तर चपात्यांना बाई लावा, चालू दर द्या, आणि पैसे तुमच्या पगारातून जाऊ द्या.

हे ओझं पत्नीच्या खांद्यावर सरकवू नका. रात्रपाळी करून सकाळी घरी येणारी तीही आईच आहे. मुलीवरही नको. तेरा वर्षांच्या मुलीला लाटणं आणि नऊ वर्षांच्या मुलाला क्रिकेट, अशी वाटणी झाली की पुढच्या पिढीतली दमलेली आई आपण घरातच तयार करतो. मुलगा आपला डबा आणि बाटली धुऊ शकतो, अंथरूण घडी करू शकतो, ताटं मांडू शकतो.

दहा-बारा दिवसांनी गाडी घसरेल, तेव्हा निराश होऊ नका. एखाद्या सकाळी आई पुन्हा ओट्यापाशी दिसेल. दोन कारणं असतात. एक, तुम्हाला उशीर झालेला असतो आणि नातवंडं उपाशी जातील म्हणून तिचा जीव राहत नाही. त्यावर उपाय वेळेवर उठणं. दुसरं कारण नाजूक आहे: काम काढून घेतलं की आपली गरज संपली असं तिला वाटू लागतं. म्हणून तिला आवडणारं काम तिच्याकडंच राहू द्या, आणि ते कुठलं हे तिला विचारा. समजा मेमध्ये कुरडया घालायची तिला हौस आहे. गहू तीन दिवस भिजवणं, चीक किती शिजला हे ओळखणं तिच्याकडं असू द्या. चीक हाटणं, पातेलं गच्चीवर नेणं, उन्हात वाकणं तुमच्याकडं. हुकूम तिचा, पाठ तुमची.

वाईला तिला जाऊ द्या. ‘मुलांना टाकून’ असं तुम्ही लिहिलंत, पण मुलांना आईबाप आहेत. तुमची आठ दिवसांची रजा, पत्नीच्या पाळीची अदलाबदल, सुट्टीतल्या व्हीबीएसचे (मुलांच्या बायबल शिबिराचे) दिवस, मंडळीतल्या एखाद्या घराशी आळीपाळी, असं जोडत गेलात तर चार आठवडे निघतात. जाण्याआधी एका दुपारी तिच्यासोबत स्वयंपाकघरात उभं राहून सगळे डबे बघून घ्या, म्हणजे ‘हळद कुठंय’ विचारायला रोज फोन लागणार नाही. गोळ्या महिन्याच्या, डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत, खर्चाला पैसे तिच्या हातात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तुम्ही स्वतः सोडायला गेलात तर मावशीलाही भेटाल. परतीची तारीख तिला ठरवू द्या.

मात्र त्याआधी पाय. दोन्ही पायांना सूज असेल, बोटानं दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, लघवी आणि मूत्रपिंडाची तपासणी, गरज वाटली तर हृदयाची. जिन्यावर दम लागतो का, तेही सांगा. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखत असेल तर त्याच दिवशी जा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सूनबाई नर्स आहेत म्हणून त्यांच्यावर सोडू नका. अर्धा दिवस रजा घेऊन तुम्ही जा आणि डॉक्टरांसमोर आईला बोलू द्या.

पैशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. ‘काही कमी केलेलं नाही’ हे खरं असेल, पण मागून मिळणं आणि हाती असणं यात फरक आहे. दरमहा ठरलेली रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात जाऊ द्या, कार्ड तिच्याकडं, हिशेब विचारायचा नाही. ती दानपेटीत टाकेल, बहिणीच्या नातीला फ्रॉक घेईल, तिची मर्जी. आणि घर. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यानुसार मुलं असताना विधवा पत्नीचा वाटा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींना सारखे. आईला ‘सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र पुढं ठेवणारी घरं देवभीरू असतात, मातृदिनाला फुलंही देतात. मार्क ७ मध्ये प्रभू याच माणसांवर रागावला आहे: आईबापाला जे द्यायचं ते देवाला अर्पण केलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांवर. आईचं नाव कागदावर लागलं आहे का, एवढं बघून घ्या.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. काहींची आई ख्रिस्ती नाही. तुम्ही विश्वासात आलात, ती तिच्या देवघरात आहे. आज्ञेत ‘विश्वासू आई’ असं कुठं लिहिलेलं नाही. तिच्या दवाखान्याला, तिच्या भाजी-भाकरीला तुम्ही कमी पडलात तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट ठरवणारं १ तीमथ्य ५:८ तुम्हालाच लागू होतं. काहींच्या आईनं मारलं, टाकलं, भावाभावांत भेद केला. तिला वजन देणं म्हणजे तिचं सगळं ऐकणं नव्हे. तिचं औषधपाणी आणि निवारा बघूनही तिच्या बोलण्यापासून लांब राहता येतं, आणि पाळकांशी किंवा समुपदेशकाशी त्याबद्दल बोलण्यात आईचा अपमान होत नाही.

तुमचं पाच मिनिटांचं मनोगत मात्र वाया घालवू नका. ते घरी, जेवणाच्या वेळी, नातवंडांसमोर बोला. ‘त्यागमूर्ती’ हा शब्द त्यात नको. असा शब्द ऐकल्यावर माणसाला ‘मी दमले’ म्हणायची सोय राहत नाही. तिनं केलेली एक गोष्ट नेमकी सांगा, वर्षासकट. तुमच्या दहावीला तिनं काय विकलं, वडील गेल्यावर पहिल्या रात्री कोणतं गीत म्हटलं. मग तिला बोलू द्या. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौलानं दोघींची नावं घेऊन लिहिलंय. तुमच्या मुलांना ही साखळी आजीच्या तोंडून ऐकू द्या. प्रार्थनेची वेळ आठऐवजी जेवणानंतर नऊ करा, भांडी तशीच पडू द्यात, आणि तिला खुर्ची द्या, गुडघ्यांना चटई सोसत नसेल. वचन तिनं निवडायचं.

तो रविवार जवळ आलाय. भक्ती साडेनऊची आहे, तिला यायचं असेल तर आठला उठली तरी पुरेल, नसेल यायचं तर तिच्यासाठी घरी प्रार्थना करून निघा. पाणी सहाला येतं. शनिवारी रात्री पावणेसहाचा गजर तुमच्या फोनवर लावा, तिच्या उशाजवळचं घड्याळ बाहेर आणून ठेवा, आणि सकाळी पिंप भरताना तिच्या खोलीचं दार लोटून घ्या.